रमणे, ई-क्लास आणि गाजर गवत : वाशिमच्या माळांचा इतिहास

वाशिम जिल्ह्याचा बहुतांश भूभाग अजिंठ्याच्या डोंगररांगेतून पूर्वेकडे उतरत गेलेल्या पठारावर आहे. या पठारावरचे काही पाणी काटेपूर्णेच्या वाटेने उत्तरेस पूर्णेकडे व तेथून तापीत जाते, तर उरलेले अरुणावती, अडाण आणि पैनगंगा यांच्यामार्गे गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. आणि या पाणलोटाच्या कण्यावर मुरमाड, उथळ जमीन, तर नद्यांच्या काठाने खोल काळी माती अशी दुहेरी रचना तयार झाली आहे. काळ्या मातीवर शेकडो वर्षे ज्वारी आणि कापूस पिकत आला. मुरमाड माळ मात्र नांगराखाली फारसे आले नव्हते आणि तेथे मारवेल, पवन्या, कुसळी, तिखाडी यांसारख्या बहुवर्षायू गवतांचे राज्य होते. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील गवताळ प्रदेशांच्या वर्गीकरणात दख्खनच्या पठाराला सेहिमा–डायकँथियम प्रकारात घातले आहे. सेहिमा ही पवन्याची आणि डायकँथियम ही मारवेलची प्रजाती, हे लक्षात घेतले की वाशिमचा माळ मूळचा कसा होता याची कल्पना येते.

आज याच माळांवर, रस्त्यांच्या कडांना आणि शेतांच्या धुऱ्यांवर पावसाळ्यात जी हिरवळ दिसते तिच्यातील मोठा वाटा अमेरिका खंडातून आलेल्या वनस्पतींचा आहे. वनस्पतिशास्त्रात 'परदेशी' आणि 'आक्रमक' या दोन संज्ञा वेगळ्या मानल्या जातात. जी जात माणसाच्या हातून, जाणूनबुजून वा नकळत, आपल्या मूळ प्रदेशाबाहेर पोचली ती परदेशी. तिच्यापैकी जी लागवडीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती रुळलेली. आणि रुळलेल्यांपैकी जी वेगाने पसरून स्थानिक जातींची जागा, पाणी, प्रकाश व पोषण हिरावते तीच आक्रमक. सीताफळ अमेरिकेचेच आहे, ते विदर्भाच्या टेकड्यांवर जंगली झाडासारखे वाढते, पण त्याच्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही. चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला तेव्हापासून आक्रमक जातींचा अभ्यास ही पर्यावरणशास्त्राची स्वतंत्र शाखा बनली आणि तिच्यात एक प्रश्न सतत चर्चिला गेला : अशी जात जिंकते ती तिच्या अंगच्या बळामुळे, की तिला मोकळी जागा आधीच कोणी करून दिलेली असते म्हणून? वाशिमच्या इतिहासापुरते उत्तर दुसऱ्या बाजूला झुकते. गाजर गवत येण्याच्या शंभर वर्षे आधीपासून येथील माळ मोकळा होऊ लागला होता.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला आणि लवकरच येथील जमिनीची मोजणी, प्रतवारी व सारा यांची नवी घडी बसली. त्यापूर्वी माळांचा उपयोग गुरांसाठी होई, आणि ही गुरे केवळ गावकऱ्यांची नव्हती. धान्य, मीठ आणि कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो कोस वाहणाऱ्या बंजारा समाजाच्या लदेणीला वाटेवरचा चारा हाच आधार होता. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे या समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान याच मुलखात असावे, यात आश्चर्य नाही. रेल्वे आली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार संपला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला मिळालेल्या भावाने नांगर माळाकडे वळला आणि युद्ध संपल्यावर भाव उतरले तरी नांगर मागे फिरला नाही. कारंजा ही कापसाची मोठी बाजारपेठ झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची लोहमार्गाची शाखा, पुढे 'शकुंतला' म्हणून प्रसिद्ध झालेली, मुख्यतः कापसासाठीच टाकली गेली. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडाचा कापूस, दुष्काळ आणि गुरे यांच्या संदर्भात जो अभ्यास केला आहे, त्याचा रोख हाच आहे की नगदी पिकाच्या विस्ताराने चराईची सामाईक जमीन आक्रसत गेली आणि त्याची किंमत गुरांनी व गुरांवर जगणाऱ्यांनी मोजली.

शासनाला चाऱ्याचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. १८८६ च्या वऱ्हाड वन कायद्याखालील व्यवस्थेत जंगलाची विभागणी स्थूलमानाने लाकूडफाट्याची जंगले, गवतासाठी राखलेले रमणे व बाभूळबने, आणि गुरांना मोकळी असलेली चराईची जमीन अशी झाली. रमणा म्हणजे पावसाळ्यात गुरांना बंद ठेवलेले कुरण, जेथे गवत पूर्ण वाढून, त्याचे बी झडल्यानंतरच कापणी होई. बाभूळबन ही वऱ्हाडची खास गोष्ट होती, कारण काळ्या मातीत राखलेल्या देशी बाभळीपासून वखर, डवरा, तिफण आणि बैलगाडीची चाके यांना लागणारे चिवट लाकूड मिळे, शेंगा शेळ्यांना जात, डिंक विकला जाई आणि विरळ सावलीखाली गवतही वाढत राही. मात्र तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे गुरांना बाराही महिने मोकळ्या असलेल्या जमिनीला राखणदार नव्हता. महसुली दप्तरात पुढे 'ई-क्लास' या नावाने ओळखली गेलेली गावाची सरकारी गुरचरण जमीन ही तिचीच वारस होय. जमिनीचे क्षेत्र घटत असताना तिच्यावर अवलंबून असलेली गुरे तेवढ्या प्रमाणात घटली नाहीत, आणि परिणामी जे गवत गुरांना आवडते तेच आधी संपले.

चराईचा हा निवडकपणा समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व घटनांची किल्ली त्यात आहे. मारवेल आणि पवन्या ही बहुवर्षायू गवते आहेत. त्यांचे ठोंब दरवर्षी फुटतात, पण मुळांत अन्नसाठा करण्यासाठी त्यांना पावसाळ्यात काही आठवडे उसंत लागते. कोंब येताच ओरबाडले गेले की दोनतीन वर्षांत ठोंब मरतात, त्यांच्या जागी कुसळीसारखी, काटेरी बियांमुळे गुरे टाळतात अशी गवते येतात, नंतर कमी उंचीची वर्षायू गवते येतात आणि अखेरीस उघडा मुरूम उरतो. १८९६–९७ आणि त्याहून भीषण अशा १८९९–१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडातील माळांवर जो ताण पडला त्याने ही घसरण पुष्कळ पुढे नेली असली पाहिजे. प्रशासनाच्या नकाशावरही याच सुमारास बदल झाले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९०५ मध्ये बासीम, म्हणजे वाशिम, हा स्वतंत्र जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात व पुसद तालुका यवतमाळकडे गेला. वाशिमला पुन्हा जिल्ह्याचा दर्जा मिळण्यास १ जुलै १९९८ पर्यंत थांबावे लागले.

त्या काळातील शेतकऱ्याला परदेशी तणांची फारशी धास्ती नव्हती. त्याचे खरे वैरी देशी होते. काळ्या मातीत खोलवर मुळे सोडणारा कुंदा, कितीही खणली तरी एका पेरातून पुन्हा उगवणारी हराळी, गाठींनी पसरणारा लव्हाळा आणि ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचा रस शोषणारा टारफुला यांनी वावरे पडीत पडल्याची उदाहरणे वऱ्हाडाला नवी नव्हती. शेजारच्या सागर आणि बुंदेलखंडात कांस या देशी गवताने इतकी शेती गिळली की स्वातंत्र्यानंतर ती मोकळी करण्यासाठी केंद्र सरकारला ट्रॅक्टरांची स्वतंत्र संघटना उभारावी लागली. म्हणून देशी वनस्पती म्हणजे मित्र आणि परदेशी म्हणजे शत्रू ही विभागणी शेताच्या हद्दीत टिकत नाही. फरक आहे तो असा की कुंदा आणि हराळी यांवर जगणारे किडे, बुरशी आणि जनावरे येथे त्यांच्याबरोबरच घडली होती. कुंदा शेतात त्रासदायक असला तरी बैल तो खातो. बाहेरून आलेल्या वनस्पतीचे नैसर्गिक शत्रू मात्र समुद्रापलीकडे राहिलेले असतात.

हा मुद्दा भारतात सर्वप्रथम सिद्ध झाला तो निवडुंगाच्या बाबतीत, आणि तोही योगायोगाने. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने किरमिजी रंगाचा व्यापार करण्याच्या हेतूने ब्राझीलहून किडे आणवले. हे किडे अमेरिकन निवडुंगावर जगतात आणि त्यांच्या शरीरापासून मौल्यवान लाल रंग निघतो. प्रत्यक्षात जी जात कलकत्त्यास पोचली ती रंगाच्या दृष्टीने निकृष्ट निघाली, पण तिने एका जातीच्या निवडुंगाचा असा फडशा पाडला की काही दशकांतच उत्तर व मध्य भारतात तो निवडुंग दुर्मीळ झाला. तणाच्या नियंत्रणासाठी कीटक वापरण्याचे जगातील हे सर्वांत जुने यशस्वी उदाहरण समजले जाते. दख्खनमधील गावकुसांना आणि शेतांच्या कुंपणांना वेढून बसलेला फड्या निवडुंग मात्र दुसऱ्या जातीचा होता व तो या किड्याला बधला नाही. त्याच्यावर पडणारी किड्याची वेगळी जात १९२६ मध्ये श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणली गेली आणि पुढील काही वर्षांत त्या निवडुंगाची दाट बेटेही कोसळली.

निवडुंगाइतके सोपे पुन्हा काहीच ठरले नाही. घाणेरी १८०९ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून लावली गेली होती. तिची काळी फळे बुलबुल आणि साळुंक्या खातात, बी विष्ठेतून टेकडीवर पडते आणि जनावरे तिच्या उग्र वासाच्या पानांना तोंड लावत नाहीत. त्यामुळे मालेगाव, मानोरा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतील विरळ झालेल्या जंगलांत तिला मोकळे रान मिळाले. १९२१ मध्ये हवाईहून आणि १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या किड्यांनी तिचे फारसे काही बिघडले नाही, कारण शोभेसाठी केलेल्या संकरांतून जन्मलेली ही वनस्पती एकजिनसी नसून अनेक वाणांचे मिश्रण आहे आणि एका वाणाला लागणारा किडा दुसऱ्याकडे फिरकत नाही.

वेडी बाभूळ, म्हणजे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, हिचा मार्ग वेगळा होता. मद्रास इलाख्याच्या वनखात्यातील बेडोम या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात तिचे बी मागवून कडप्पा भागात लावले गेले आणि जळणाचा तुटवडा भागवणारे झाड म्हणून तिचे सर्वत्र स्वागत झाले. जोधपूर संस्थानाने तर १९४० मध्ये तिला शाही वृक्षाचा मान दिला. देशी बाभूळ आणि वेडी बाभूळ या दोघी नाल्यांच्या काठी, गावठाणाच्या पडीत जागी एकमेकींसमोर आल्या तेव्हा निकाल कुऱ्हाडीने लावला. देशी बाभूळ तोडली की तिचे खोड सहसा नीट फुटत नाही. वेडी बाभूळ तोडली की एका खोडाच्या जागी पाच फांद्या जमिनीलगत पसरतात. शेळ्या दोघींच्याही शेंगा खातात, परंतु वेडीची पाने त्या टाळतात, म्हणजे तिचे रोप वाचते आणि देशीचे रोप खुडले जाते. बाभूळबनांची राखण ढिली झाली, शेतीची अवजारे लोखंडाची झाली, देशी बाभळीच्या लाकडाला पूर्वीचा मान राहिला नाही, आणि कोणी हेतुपुरस्सर न ठरवता एका झाडाची जागा दुसऱ्याने घेतली. रिसोड तालुक्याच्या सीमेपलीकडे असलेल्या लोणार सरोवराच्या काठावरून वेडी बाभूळ काढण्याचे काम वनविभागाला हाती घ्यावे लागले, यावरून तिच्या पसाऱ्याची कल्पना यावी.

तरीही सामान्य माणसाच्या लेखी परदेशी तण म्हणजे गाजर गवत. पार्थेनियम हिस्टेरोफोरस ही सूर्यफुलाच्या कुळातील, मेक्सिको व वेस्ट इंडिजच्या परिसरातून आलेली वर्षायू वनस्पती असून तिचा 'गवत' या वर्गाशी संबंध नाही. गाजरासारख्या चिरलेल्या पानांमुळे ते नाव रूढ झाले. काँग्रेस गवत, चटकचांदणी ही तिचीच इतर नावे. तिच्या आगमनाविषयी महाराष्ट्रभर एकच हकिकत सांगितली जाते की अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेखाली आलेल्या गव्हातून तिचे बी आले. ही हकिकत तारखांच्या कसोटीवर पुरती उतरत नाही. त्या योजनेचा कायदा अमेरिकेत जुलै १९५४ मध्ये झाला आणि भारताशी त्याखालील पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. उलट पुण्यात प्रा. परांजपे यांना ही वनस्पती १९५१ मध्येच उकिरड्यांवर तुरळक आढळली होती, आणि आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ मध्ये तिची भारतातील नवी नोंद प्रसिद्ध केली. १९५१ च्या जूनमध्ये अमेरिकेने भारताला धान्यासाठी कर्ज देणारा वेगळा कायदा केला होता, त्यामुळे गव्हाचा संशय पूर्णपणे निराधार नाही, केवळ योजनेचे नाव चुकीचे आहे. शिवाय १९७८ मध्ये काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी लक्ष वेधले की वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या कलकत्ता उद्यानाच्या १८१४ च्या यादीतच या वनस्पतीचे नाव आहे. म्हणजे ती भारतात एकदा येऊन जवळजवळ दीड शतक गप्प राहिली आणि पुन्हा आल्यावर दोन दशकांत देशभर पसरली. या दोन आगमनांत वनस्पतीचे गुण बदलले असतील किंवा नसतील. देशातील जमीन मात्र निश्चित बदलली होती. धान्य रेल्वेने आणि ट्रकने गावोगाव जात होते, रस्त्यांसाठी मुरूम एका जागेहून दुसरीकडे टाकला जात होता, धरणांचे कालवे खोदले जात होते आणि प्रत्येक कामाच्या कडेला उघड्या मातीची पट्टी तयार होत होती.

अशा उघड्या मातीवर गाजर गवताचे सामर्थ्य दिसते. एक रोप साधारणपणे १५ ते २५ हजार बिया देते. बी इतके हलके असते की वारा, पाणी, चिखलाची चाके, जनावरांचे खूर आणि अर्धवट कुजलेले शेणखत यांपैकी कशानेही ते पुढे जाते. ओल मिळाली की वर्षातून कोणत्याही वेळी ते रुजते आणि पाचसहा आठवड्यांत फुलावर येते, त्यामुळे एका पावसाळ्यात दोन पिढ्याही होऊ शकतात. त्याच्या पानांत व फुलांत पार्थेनिन नावाचे कडू रसायन असते. हे रसायन मातीत मिसळले की आसपासच्या बियांची उगवण मंदावते. एका वनस्पतीने रसायनाद्वारे दुसरीला रोखण्याच्या या प्रकाराला जैवरासायनिक अवरोध म्हणतात. त्याच कडूपणामुळे गुरे ते खात नाहीत आणि नाइलाजाने खाल्ले तर दुधाला कडवट चव येते. माणसाच्या त्वचेवर उठणारे पुरळ व खाज हाही त्याचाच परिणाम असून पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञ अ. लोणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ च्या सुमारास त्याची पहिली वैद्यकीय नोंद केली. निंदणाचे काम प्रामुख्याने बायकांकडे असल्याने हा त्रासही अधिक त्यांच्याच वाट्याला आला, ही गोष्ट तणविषयक साहित्यात फार कमी वेळा लिहिली गेली आहे.

परंतु या सामर्थ्याला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती ऑस्ट्रेलियातील अनुभवावरून अधिक स्पष्ट होते. क्वीन्सलँड प्रांतात क्लेरमाँटच्या आसपास हे तण १९६० च्या सुमारास अमेरिकेतून मागवलेल्या गवताच्या बियांतून शिरले आणि अतिचराईने उघड्या पडलेल्या कुरणांवर झपाट्याने पसरले. तेथील पशुपालकांना पुढे हेच सांगितले गेले की कुरणाला विश्रांती द्या, गवत दाट राहिले तर हे तण आपोआप मागे हटते. गाजर गवताचे रोप कोवळेपणी सावली सहन करत नाही. मारवेलचा भरगच्च ठोंब जेथे उभा आहे तेथे त्याच्या बियांना प्रकाश मिळत नाही. याचा अर्थ असा की वाशिमच्या रमण्यांतील गवत १९५० पर्यंत जसेच्या तसे राहिले असते, तर गाजर गवताला धुरे, रस्ते आणि उकिरडे यांपलीकडे फारसे जाता आले नसते.

शासकीय पातळीवर उपायांचा इतिहास मात्र तणाच्या अंगाने लिहिला गेला, जमिनीच्या अंगाने नाही. कर्नाटकाने १९७५ मध्ये कायद्याने हे तण उपद्रवी म्हणून जाहीर केले; कायद्याने तण उपटले जात नाही, हे तेथेच दिसून आले. १९८३ मध्ये बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकोलोराटा हा पांढरट पिवळ्या पाठीवर तपकिरी पट्टे असलेला भुंगा आणला आणि पुढील वर्षी तो सोडण्यात आला. काही वर्षांत तो सूर्यफुलाच्या पानांवरही आढळल्याने मोठे वादळ उठले, चौकशी समिती नेमली गेली आणि अखेर सूर्यफुलाला त्याच्यापासून खरा धोका नाही असा निष्कर्ष निघाल्यावर त्याचा प्रसार पुन्हा सुरू झाला. जबलपूरच्या तण संशोधन केंद्राने, जे १९८९ मध्ये स्थापन झाले, आणि कृषी विद्यापीठांनी हे भुंगे वाटले. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात होणारा गाजर गवत जागृती सप्ताह अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील गावांना परिचित आहे. भुंगा पावसाळ्यात झाडे अक्षरशः निष्पर्ण करतो, पण थंडी लागताच जमिनीत शिरून सुप्तावस्थेत जातो. हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या ओलिताखालील शेतांच्या कडेला त्याच वेळी तणाची नवी पिढी उगवत असते. रस्त्याच्या कडेला मिठाचे दाट द्रावण फवारण्याचा सल्लाही दिला जातो. त्याने तण जळते हे खरे, पण त्याबरोबर शेजारचे गवतही जळते आणि पुढच्या पावसात मोकळ्या मातीवर सर्वांत आधी उगवणारे पुन्हा तेच असते.

यापेक्षा अधिक आशादायक कल्पना होती ती एका वनस्पतीने दुसरीला हटवण्याची. विदर्भात कोवळ्या पानांची भाजी होते तो तरोटा पावसाच्या पहिल्या सरींबरोबर दाट उगवतो, आणि जेथे त्याचे बी मुबलक आहे तेथे गाजर गवताची रोपे त्याच्याखाली दबतात, असे निरीक्षणांतून आढळल्यावर तरोट्याचे बी गोळा करून एप्रिल–मे महिन्यांत टाकण्याची शिफारस झाली. तरोट्याचे मूळ आशियातच असल्याचे सामान्यतः मानले जाते, म्हणून या उपायात धोका नव्हता. कर्नाटकात मात्र याच कामासाठी कॅसिया युनिफ्लोरा या, आज सेना युनिफ्लोरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, वनस्पतीला पसंती मिळाली. ती स्वतः उष्णकटिबंधीय अमेरिकेची आहे. तिने गाजर गवताला अनेक ठिकाणी खरोखरच हटवले आणि मग त्याच जागी स्वतः ठाण मांडले. महाराष्ट्राच्या कोरड्या भागांत रस्त्यांच्या कडेने मैलोन्‌मैल तिचीच दाटी दिसते आणि गुरे तिलाही तोंड लावत नाहीत. एका परदेशी तणावर दुसऱ्या परदेशी तणाची योजना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, परंतु माळाला गवत हवे होते याचा त्यांना विसर पडला, असेच म्हणावे लागते.

शेताच्या आत याच काळात आणखी मोठे स्थित्यंतर घडत होते. १९८० आणि १९९० च्या दशकांत मध्य प्रदेशातून विदर्भात आलेल्या सोयाबीनने वाशिमच्या खरिपाचे रूप बदलले. आज हा जिल्हा सोयाबीनचा म्हणूनच ओळखला जातो. सोयाबीन हेही परदेशी पीक, पण त्याच्यावरचा आक्षेप तो नव्हे. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी घरची गुरे कमी झाली आणि उरलेल्या गुरांचा, शेळ्यांचा सगळा भार वर्षभर ई-क्लासवर आला. डवरणी व निंदणाची जागा तणनाशकांनी घेतली. धुऱ्यावरचे मारवेल पूर्वी विळ्याने कापून बैलाला घातले जाई, तोच धुरा आता फवारून उघडा केला जातो. केना, कुंजीर, चिवळ, पाथरी यांसारख्या निंदताना ओटीत घरी येणाऱ्या भाज्या फवारणीच्या पहिल्याच हप्त्यात जळतात. गाजर गवताचा बीसाठा मात्र मातीत खोल पडलेला असल्याने तो पुढच्या ओलीबरोबर वर येतो.

माळांच्या बाबतीत शासनाची दृष्टीही गवताला अनुकूल नव्हती. १९८० च्या दशकातील सामाजिक वनीकरणाच्या चळवळीत गवताळ जमीन ही 'पडीक' मानली गेली आणि तिच्यावर झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरले. लवकर वाढणारी झाडे सोयीची असल्याने गिरिपुष्प, सुबाभूळ आणि निलगिरी यांना लावणीच्या यादीत मानाचे स्थान मिळाले. २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीच्या मोहिमेपर्यंत ही दृष्टी कायम राहिली. गिरिपुष्पाच्या दाट सावलीखाली पवन्या टिकत नाही, आणि ज्या पक्ष्याला व प्राण्याला दूरवरचे दिसणे आवश्यक असते त्याला झाडी अडचणीची ठरते, हा विचार गवताच्या जाणकारांपुरता मर्यादित राहिला.

असा विचार करावयास लावणारे दोन साक्षीदार वाशिममध्ये अजून आहेत. एक काळवीट, ज्याच्यासाठी कारंजा–सोहोळ अभयारण्य २००० मध्ये घोषित झाले. सुमारे १८ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र लहान असले तरी जिल्ह्यातील गवताळ भूमीला मिळालेले ते पहिलेच स्पष्ट संरक्षण होय. दुसरा तणमोर, माळढोकाच्या कुळातील सर्वांत लहान पक्षी, जो पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीला आकर्षित करतो आणि ज्याला जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने २०२१ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरवले. अकोला आणि वाशिम जिल्ह्यांतील फासेपारधी समाजाला या पक्ष्याच्या सवयी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या. 'संवेदना' या संस्थेबरोबर या समाजातील लोकांनी शिकार थांबवून गवताळ तुकड्यांची राखण हाती घेतली, तेव्हा जुन्या रमण्याचा नियम नव्या स्वरूपात परत आला : पावसाळ्यात चराई बंद, बी झडल्यावर कापणी. त्यासाठी भुंगा लागला नाही, मीठ लागले नाही आणि रोपवाटिकाही लागली नाही.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा वाहतुकीस खुला झाला. तो कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून आणि कारंजा–सोहोळ अभयारण्याच्या परिसरातून जातो. भराव, खाणी आणि कडांचे उघडे उतार यांमुळे १९५० च्या दशकानंतर रस्ते व कालव्यांनी जी परिस्थिती निर्माण केली होती तीच अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा निर्माण झाली आहे. या उघड्या उतारांवर मारवेल व पवन्याचे बी वेळीच पेरले गेले नाही तर गाजर गवत आणि सेना युनिफ्लोरा ती जागा स्वतःहून व्यापतील. ई-क्लास जमीन ज्या गावांत अद्याप अतिक्रमणातून वाचली आहे, त्या गावांच्या ग्रामसभांनी तिचा निदान एक तुकडा जून ते ऑक्टोबर गुरांना बंद ठेवण्याचा ठराव करावा आणि कोणत्या वर्षी तेथे काय उगवले याची नोंद जैवविविधता कायद्याखालील लोकजैवविविधता नोंदवहीत ठेवावी.